बाबली कोणावर चिडलाय

आचरा तिठ्यावर रसिकाचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पॅनकार्ड, परीक्षेचे फॉर्म आणि ‘सर्व प्रकारची ऑनलाइन कामे’ एवढं लिहिलंय, की मालकिणीच्या नावाला जागा उरली नाही. मे महिन्याची दुपार. पंखा फिरत होता, पण वारा येत होता तो बहुधा समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या डंपरचा.

“कलर कॉपी मिळेल का?” काउंटरपलीकडून आवाज आला. “फक्त... जरा जपून. ओरिजिनल आहे.”

ओरिजिनल आहे, हे वाक्य रसिका दिवसभर ऐकायची. लोक शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा कोहिनूर असल्यासारखा तिच्या हातात द्यायचे. पण या माणसाने कमाल केली. बॅगेतून फोल्डर काढला, फोल्डरमधून बटर पेपर, आणि बटर पेपर उलगडून दोन बोटांच्या टोकांनी तळहाताएवढा जाड कागद पुढे सरकवला.

काळ्या शाईतलं चित्र. होडीत उभा राहिलेला एक किडकिडीत खलाशी. तोंड इतकं उघडलेलं की आतली पडजीभ दिसावी, आणि हात लांब करून बोट रोखलेलं... चौकटीच्या बाहेर, कोणावर तरी.

रसिकाच्या कानशिलात उकळी फुटली. हा बाबली खलाशी होता. तिच्या आजोबांचा.

तिचे आजोबा हरिश्चंद्र. अख्खा गाव त्यांना दाजी म्हणतो. दाजी मुंबईच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला बाबली काढायचे. चार चौकटी, एक फजिती. पहिल्या चौकटीत बाबली कामाला लागायचा, दुसरीत काम बिघडायचं, तिसरीत तो चिडायचा आणि चौथीत कळायचं की चूक त्याचीच होती. साप्ताहिक बंद पडलं तसे दाजी चित्रांनी भरलेली ट्रंक घेऊन गावी आले. पुढे कधीतरी एक पांढऱ्या सदऱ्याचे गृहस्थ उगवले. प्रदर्शन भरवतो म्हणाले. दाजींनी ट्रंक स्वतः त्यांच्या गाडीत नेऊन ठेवली, वर शहाळं दिलं. रसिका तेव्हा कॉलेजात, कुडाळला. प्रदर्शन काही भरलं नाही. एक दिवस मोबाइलवर तिला बाबली दिसला. ब्लेडने कापून सुटा केलेला, एकेक चौकट एकेका फ्रेममध्ये, खाली ‘आपल्या दिवाणखान्याची शोभा’. गृहस्थांचा नंबर तेव्हापासून अस्तित्वात नव्हता.

तिने मान वर करून गिऱ्हाइकाकडे पाहिलं. तिशीचा. डोळे बरे होते, आणि ते बरे आहेत हे आपल्याला दिसावं याचाही तिला राग आला.

“कुठे मिळालं?”

“विकत घेतलं. लिलावात.” तो खुलला. “मी जमवतो. जुन्या चित्रमालिकांची मूळ चित्रं. मितेश माझं नाव. मूळचे आम्ही देवगडचे, पण आता मुंबईत...”

रसिका ऐकत नव्हती. तिने ड्रॉवरमधून प्लास्टिकचं पाकीट काढलं, चित्र त्यात सरकवलं, कडा सारख्या केल्या. मितेशला वाटलं, बाई काळजी घेतायत. तो कृतज्ञ हसला. तिने पाकीट यंत्राच्या फटीत लावलं. यंत्राने एक उबदार उसासा टाकला आणि बाबली पलीकडून बाहेर आला... चकचकीत, ताठ, कायमचा.

“झाला,” रसिका म्हणाली. “आता पाण्यात पडला तरी काय होवचा नाय.”

मितेश ओरडला नाही. तो हळूच प्रिंटरच्या रिकाम्या खोक्यावर बसला. खोकं खचलं.

“तुम्ही... लॅमिनेट केलंत.”

“पाटीवर लिवलला आसा.”

“मॅडम, ते मूळ चित्र होतं. आता त्याची किंमत...”

“गेली?”

“संपली.”

“बरा झाला. कापून विकलेल्या माझ्या आजोबांच्या चित्राची किंमत तुका कळता, आणि ता कापला कोणी, ता इचारूचा सुचूक नाय?”

तुम्हीवरून तूवर यायला प्रेमात पडलेली माणसं महिनेच्या महिने चाचरतात. रसिकाने ते अंतर रागाच्या भरात एका वाक्यात कापलं.

मितेश खोक्यातून कसाबसा उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण प्लास्टिकमुळे नव्हे.

“आजोबा... आहेत?”

“आसत. कित्याक? तेंचा काय नेवक इलंस? आता चष्मो तेवढो उरलो हा.”

“एकच विचारायचंय.” त्याने गुळगुळीत बाबलीवर बोट ठेवलं. “हा कोणावर चिडलाय? माझ्याकडे एवढीच चौकट आहे. पलंगासमोर लावली होती. रोज सकाळी उठलो की हा चिडलेला... आणि कोणावर, तेच कळत नाही.”

चोराला शोभेल असा एकही प्रश्न हा माणूस का विचारत नाही, हे रसिकाला समजेना. त्यामुळे ती आणखी चिडली आणि त्याला घरी घेऊन गेली.

दाजी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आंब्याच्या सावलीला खुर्चीत. त्यांनी लॅमिनेट केलेला बाबली हातात घेतला, उन्हात धरला, उलटसुलट केला.

“बरा केलंस गो. चाय सांडली तर पुसूक येतली.”

“मी मितेश, देवगडचा. दाजी, हा कोणावर चिडलाय?” मितेश जवळजवळ गुडघ्यांवर आला होता.

“म्हायत नाय रे झिला. दर शुक्रवारी एक काढी होतंय. छापान इला की माझा काम सपला. मासो कढयेत गेलो, मगे जाळ्याक इचारून काय मेळतला?” मग त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “देवगडचो म्हणतंस? जेवान जा.”

“आजो,” रसिका म्हणाली, “ह्यो तुझी चित्रां इकत घेता.”

“मगे काय झाला? कोणतरी घेता, ह्याच खूप.” आणि दाजी चहाचं सांगायला आत गेले. रसिकाला जगातल्या सगळ्या लबाड माणसांपेक्षा आजोबांचा जास्त राग येत असे, कारण त्यांना कोणाचाच येत नसे. घरातला सगळा राग तिला एकटीला करावा लागे.

“एक सांग,” ती मितेशला म्हणाली. “घेतलंस तेव्हा कळला नाय, कापलेला आसा म्हणान?”

तो खोटं बोलू शकला असता. अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

“कळलं,” तो म्हणाला. “उजव्या कडेला एक रेघ अर्धीच तुटली होती. चार चौकटींची पट्टी कापल्याशिवाय तसं होत नाही.”

“आणि तरीय घेतलंस.”

“मी नसतं घेतलं तर दुसऱ्या कोणी घेतलं असतं...”

“त्या दुसऱ्याचोच माका राग होतो,” रसिका म्हणाली. “तो कोण, ता कळत नव्हता. आज घराक इलो.”

मितेशने बाबली दाजींच्या खुर्चीवर ठेवला, चप्पल घातली आणि चहा यायच्या आत गेला. चित्र ठेवून गेला, पैशाचं नाव काढलं नाही, भांडला नाही. चिडलेल्या माणसाशी याहून वाईट वागता येत नाही.

*

पावसाळ्यात दुकानाच्या नंबरावर मेसेज यायला लागले.

‘त्याच पट्टीतली पहिली चौकट सापडली. पुण्यात, एका दातांच्या डॉक्टरांकडे. वेटिंग रूममध्ये.’

‘बरा,’ रसिकाने लिहिलं.

‘सोडायला तयार नाहीत. माझ्याकडचं एक चित्र बदल्यात मागतात. माझं सगळ्यात आवडतं.’

यावर तिने फोन काउंटरवर उपडा ठेवायचा तो सुलटा ठेवला. संध्याकाळी पुन्हा मेसेज आला. ‘दिलं.’

मग दुसरी सापडली, नाशिकला, एका उपाहारगृहात, हात धुवायच्या बेसिनवर. तिच्यासाठी त्याने दोन चित्रं दिली. बेसिनवर? रसिकाचं डोकं सणकलं. तिने त्या उपाहारगृहाबद्दल इतका लांब मेसेज लिहिला की तो तीन तुकड्यांत गेला. उत्तर आलं: ‘हे सगळं मी त्यांना आधीच बोललो. तुमच्याइतकं छान जमलं नाही.’

ती हसली. दुकानात दाखल्याची कॉपी घ्यायला आलेली जानकीकाकू म्हणाली, “काय गो, कोणाचो मेसेज?”

“गिऱ्हाइकाचो.”

“असां गिऱ्हाइक माका कधी मेळूक नाय,” काकू म्हणाली.

रात्री तो विचारी, ‘राग गेला का?’ ती लिही, ‘आमच्याकडे राग लोणच्यासारखो. मुरता.’ तो लिही, ‘बरणीचं झाकण तरी उघडं ठेवा.’ ती लिही, ‘बुरशी येता.’ आणि मग उगाच पाऊस ऐकत बसे.

श्रावण सरता सरता त्याने मेसेजऐवजी फोन केला. पहिल्यांदाच.

“चौथी नाही,” तो म्हणाला. “ज्याने ट्रंक नेली त्याच्या माणसाला गाठलं. गोदामात पाणी शिरलं होतं. काही चौकटी कुजल्या, त्या फेकल्या. त्यात ती होती. साप्ताहिकाचा तो अंकही कुठे मिळत नाही, आणि कोणाला ती पाहिल्याचंसुद्धा आठवत नाही.”

रसिकाने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. आजोबांची नजर अधू होत चालली होती. ते आहेत तोवर एक तरी बाबली सबंध त्यांच्या हातात ठेवावा, एवढीच तिची हाव होती. ती आता पुरी होणार नव्हती. वाटेत तिला कोणाशी तरी कडाकडा भांडावंसं वाटलं, आणि ते कोणी म्हणजे मुंबईत बसलेला तो एकच, हे ध्यानात येऊन तिने चिखलात जोरात पाय आपटला. चप्पल तुटली.

*

चतुर्थीला मुंबईचे सगळे येतात, तसा तोही देवगडला आला, आणि गणपती घरी यायच्या आदल्या दिवशी एसटीने आचऱ्याला.

दाजी पडवीत स्टुलावर उभे होते. गणपती बसतो त्याच्या मागची भिंत इकडे दरवर्षी नव्याने चितारतात. आधी पांढरा हात मारायचा, मग त्यावर ज्याच्या त्याच्या हौशीप्रमाणे समुद्र, मोर, कमळं.

“मागच्या वर्षी काय होतं?” मितेशने विचारलं.

“कमळां.”

“ती कुठायत?”

“हेच्या खाली.”

“आणि त्याच्या मागच्या वर्षीचं?”

“तेच्या खाली.” दाजींनी ब्रश बुडवला. मितेश भिंतीकडे अशा नजरेने बघत राहिला, जशी माणसं दवाखान्याच्या बंद दाराकडे बघतात.

रसिकाने त्याच्या हातातल्या दोन चौकटी घेतल्या, तिसरीशेजारी मांडल्या. बाबली होडीत उडी मारतो. बाबली वल्ही मारतो, होडी हलत नाही. बाबली चिडतो. मग रिकामी जागा.

“एक चौकट,” ती म्हणाली. “तुमच्यासारख्या लोकांनी भिंती सजवूक घेतल्यानी म्हणान ता कापला. नायतर सगळा ट्रंकेतच रवला असता.”

“मान्य आहे.”

“मान्य आसा म्हणान काय होता?”

आणि इथे मितेशचा बांध फुटला. इतके महिने तो पुस्तकी मराठीत नीट बोलत होता. आता लहानपणी देवगडला शिकलेलं सगळं वर आलं.

“मगे काय करू गो मी? जमवलेली निम्मी चित्रां दिलंय. लोकांच्या दारात उभो रवलंय. तुझी बोलणी खातंय, रोज खातंय, आणि तुझो मेसेज येवक नाय तर रातभर फोन बघीत बसतंय. आणखी काय व्हया?”

“येवक व्हया होतंस,” रसिका म्हणाली. आवाज चढलेलाच होता. “सगळ्या पावसात एकदा तरी येवक व्हया होतंस.”

“तूच हाकललंस.”

“हाकललंय म्हणान काय येवचा नाय?”

बाहेर कोणीतरी माडावरून नारळ पाडत होतं. भांडताना एकमेकांवर रोखलेली दोघांची बोटं अजून तशीच होती. ती खाली कशी घ्यावी, हे दोघांनाही कळत नव्हतं.

“हलू नकात,” दाजी म्हणाले.

तेव्हा दोघांनी भिंतीकडे पाहिलं. समुद्राच्या खालच्या कोपऱ्यात दाजींनी काळ्या रंगात होडी काढली होती. एका टोकाला बाबली, बोट रोखलेला. दुसऱ्या टोकाला एक मुलगी, हनुवटी वर, तिचंही बोट रोखलेलं, तोंड त्याच्याहून मोठं. होडीचा दोर मागच्या माडाला तसाच बांधलेला. सोडायचं दोघांच्याही लक्षात नव्हतं.

“ह्या... असाच होता?” रसिकाने विचारलं.

“म्हायत नाय. आता असा आसा.”

“गणपतीच्या पाठीमागे भांडण, आजो?”

“देवाक काय करमणूक नको? रोज तीच आरती.” दाजी स्टुलावरून उतरले. “निळो सुकाच्या आधी लाटा मारून घेवा. माझो हात आता थरथरता.” आणि ते आत गेले, मुद्दाम चपला वाजवत.

मितेशने खिशातून मोबाइल काढला. भिंतीसमोर धरला. बराच वेळ धरला. मग फोटो न काढताच परत खिशात ठेवला.

“काढ की,” रसिका म्हणाली. “तुझो छंद तो.”

“नको.”

“कित्याक?”

“फोटो काढलंय तर मुंबैत बसान बघूक गावतलो.” तो भिंतीकडेच बघत होता. “माका... हयसर येवचा आसा.”

रसिकाला बोलायला खूप होतं. पुढल्या चतुर्थीला यावर पांढरा हात बसेल, हे होतं. चौथी चौकट गेली ती गेलीच, हेही होतं.

“माझो राग जावक नाय हा,” ती शेवटी म्हणाली.

“म्हायत आसा.”

“लवकर जावचोय नाय.”

“माका घाई नाय.”

तिने त्याच्या हातात रंगाचा डबा कोंबला. तो इतका जोरात कोंबला की निळा रंग त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. “सरळ धर मेल्या,” ती करवादली आणि जवळ दुसरं काही दिसेना म्हणून स्वतःच्या ओढणीने त्याचा हात पुसायला लागली. बोटं, मनगट, मग पुन्हा बोटं. रंग केव्हाच गेला होता तरी पुसत राहिली. ओढणी चतुर्थीसाठी घेतलेली, कोरी होती.