काकानं अंथरलेलं कापड

दोष माझ्या काकाचा, फालानिकोचा. आमच्याच घरातल्या मोसेला त्यानंच मारलं. आधी एवढं ऐकून ठेवा, भुताचं मग सांगतो.

आमच्या बंदरावर तालुक्याची सरकारी कचेरी आहे. तिच्या किल्ल्या काकाकडे. शिवाय घराण्याच्या प्रमुखाची पदवी त्याच्याच नावावर. म्हणजे बोलायचं त्यानं, माना डोलवायच्या आम्ही. फेब्रुवारीत राजधानीतून, अपियाहून, साहेब येणार होते. त्या दिवशी वादळाचा इशारा सकाळीच कचेरीत आला. काकानं तो कोणाला सांगितला नाही. "पाहुण्यांना काय डब्यातली मासळी वाढू?" म्हणाला, आणि मोसेला कुपा मासा मारायला धाडलं. होडीची एक फळी सापडली. मोसे नाही.

समुद्रात गेलेल्याचा आत्मा आमच्याकडे किनाऱ्यावरून आणतात. झाडाच्या सालीचं कापड अंथरायचं आणि वाट बघायची. मुंगी, खेकडा, पहिलं जे चढेल तो आपला माणूस. गुंडाळून पुरायचा. काहीच चढलं नाही, तर मेलेल्याचा राग अंथरणाऱ्यावर आहे.

अठरा तारीख, मंगळवार. कापड अर्थातच काकानं अंथरलं. दुपारपासून बसला. मुंग्यांची रांग आली आणि कापडाला वळसा घालून गेली. सगळ्यांनी पाहिलं.

"दादा, सरा आता," मोसेची आई फेतू म्हणाली. "मला अंथरू द्या."

"तू गप्प बस. वारा सुटलाय, म्हणून येत नाहीये."

"वारा काय फक्त तुमच्याच कापडावर सुटलाय?" मी म्हणालो.

"शाळा सोडलेल्यानं मला शिकवू नये."

सरला असता तर सगळ्या गावासमोर गुन्हा कबूल. मग पदवी कुठली राहतेय! तेवढ्यात सांजप्रार्थनेचा शंख वाजला, सगळ्यांच्या माना खाली गेल्या. माझी गेली नाही. काकानं वाळूतलं खेकड्याचं पिल्लू चिमटीत धरलं आणि कापडावर टाकलं.

"आला! मोसे आला!"

मी तोंड उघडलं नाही. तेवढं पाप माझंही.

अंधार पडला. काका गाठोडं घेऊन पुढे, मी बॅटरी घेऊन मागे, माझ्यामागे फेतू. चर्चच्या वळणावर काकानं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. मग दोन्ही हातांत.

"काय झालं?"

"काही नाही. चल."

पाणी ठिबकायला लागलं. अंगठ्याएवढा खेकडा... आणि पाणी थांबेना. काका वाकला. आता त्यानं गाठोडं दोन्ही हातांवर आडवं घेतलं होतं. झोपलेल्या बाप्याला उचलावं तसं.

"धर रे... धर ना..."

मी धरलं नाही.

फेतू पुढे आली. हळूच म्हणाली, "मोसे, उतर. त्यांच्या हातांतून उतर, बाळा."

बॅटरी गेली.

काहीतरी जड खाली आलं. मग... ओली पावलं. आमच्यामधून. समुद्राकडे.



बॅटरी लागली तेव्हा कापड रस्त्यावर उघडं पडलं होतं. कोरडं. आत खेकडासुद्धा नाही.

फेतू तशीच परत गेली. स्वतःचं कापड अंथरलं. ती बसायच्या आत एक पांढरी पाकोळी येऊन त्यावर टेकली. पुरलंय ते तिलाच.

काकाच्या हातांवर कोपरापर्यंत रोज सकाळी मीठ धरतं. समुद्राचं. धुतलं तरी दुसऱ्या दिवशी तेवढंच. आता तो वर डोंगरात राहतो, तरीही. मोसेबद्दल वडीलधाऱ्यांच्या बैठकीत त्याला कोणी एक शब्द विचारला नाही. त्या हातांनी दिलेली मानाच्या पेयाची वाटी पाहुणे घेईनात, याचाच बोभाटा झाला.

त्यापायी त्याची पदवी काढून घेतली.