अकरा ते दोन

ताईचा फोन आला तेव्हा मी एका बेकरीच्या शीतपेटीत कमरेपर्यंत आत होतो.

"अरे, बोटीवरचा फ्रिज गार होत नाही. रोज अकरा ते दोन. बाकी वेळ ठीक असतो."

"ताई, फ्रिज काही घड्याळ बघून बिघडत नाही."

"तू ये तर खरा."

सव्वीस वर्षं मी हेच काम करतोय. लहान बोटीवरच्या फ्रिजची दुखणी तीनच. बॅटरीचा करंट पुरत नाही, मागे हवा खेळत नाही, नाहीतर दाराचं रबर सैल पडतं. चौथं मी पाहिलेलं नव्हतं.

ताईची बोट धक्क्याच्या अगदी टोकाला बांधलेली असते. भाऊजी गेले त्याला तीन वर्षं झाली. 'गेले' म्हणजे नक्की काय, ते कुणालाच सांगता आलं नाही. एका स्वच्छ सकाळी अकराच्या सुमाराला ते छोटी होडी घेऊन नांगराची साखळी बघायला गेले. दोन वाजता होडी सापडली. वल्ही नीट आत ठेवलेली, पाणी शांत. तेव्हापासून ताई बोटीवरच राहते. घरी चल म्हटलं की म्हणते, "बघू." मीही फार ताणत नाही. मला हे काम भाऊजींनीच शिकवलं. तारेला डाख देताना माझा हात थरथरायचा, तेव्हा ते माझ्या मनगटाखाली आपला तळवा धरायचे.

मी साडेनऊला पोचलो. फ्रिज ओट्याखाली बसवलेला, गुडघ्याएवढा. बॅटरी भरलेली होती. एक टर्मिनल हिरवं पडलं होतं, ते घासून घेतलं. मागची जाळी झाडली. कॉम्प्रेसर गुणगुणायला लागला. आत थर्मामीटरची वायर सोडून त्याचा आकडे दाखवणारा डिस्प्ले बाहेर लटकवला. चार अंश.

"झालं," मी म्हटलं.

"अकरा वाजू देत," ताई म्हणाली.

चहा झाला. ती माझ्या मुलांबद्दल विचारत होती, पण डोळे आकड्यावर होते. अकराला पाच मिनिटं असताना तिने केस सारखे केले.

अकराला आकडा चढायला लागला. आठ. पंधरा. तेवीस. कॉम्प्रेसर जिवाच्या आकांताने चालला होता, मागच्या नळ्या चटके बसतील इतक्या तापल्या होत्या. म्हणजे आतली उष्णता बाहेर फेकली जात होती आणि तरी आत उष्णता होतीच. साडेछत्तीसवर आकडा थांबला. केबिनमध्ये तेव्हा सव्वीस होतं. फ्रिज बिघडला तर फार तर खोलीइतका गरम होतो. खोलीपेक्षा दहा अंश गरम व्हायला आत काहीतरी असावं लागतं.

आतला दिवा काढला. फरक नाही. मेन स्विच बंद केला. साडेछत्तीस.

दार उघडलं. दुधाची पिशवी, विरघळलेलं लोणी. दुसरं काही नाही. तोंडावर एक ऊबदार झोत आला, मध्येच थांबला आणि पुन्हा आला.

"लाव ना लवकर," ताई म्हणाली. "ह्यांना वारा लागतो."

मी दार लावलं. वायर काढून थर्मामीटर बॅगेत टाकला. कुणाला, असं विचारायची हिंमत झाली नाही. हाताला काम हवं म्हणून मी रबर तपासायला घेतलं. याची रीत सोपी आहे. कागदाची पट्टी दारात धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर रबर गेलं.

पट्टी निघेना. रबर घट्ट होतं. मी जरा जोर लावला.

पलीकडून कुणीतरी पट्टी ओढली.

झटका नव्हता. लहान मूल बोट धरून ओढतं तशी हलकी ओढ. माझी चिमूट आपोआप सुटली आणि पट्टी सावकाश आत गेली.

दार उघडलं तेव्हा आत पट्टी नव्हती.

"माझ्या चिठ्ठ्यापण घेतात," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, दूधवाला वेळेवर येतो असं सांगावं तसा.

"मग मला कशाला बोलावलंस?"

ती जरा वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली. "तीनच तास मिळतात रे. दिवसभर राहतील असं काही करता येईल का?"

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. मनात आलं, एकदाच हात आत घालावा, मनगटाखाली तळवा येतो का बघावं. नाही घातला. भ्यालो.

दोन वाजता दार गारठलं. मेन बंद असतानाच.

मग मी तिच्याशी खोटं बोललो. कंट्रोलचा डबा दुकानात नेऊन दुरुस्त करावा लागेल म्हणालो. दोन्ही तारा मुळाशी कापल्या, डबा बॅगेत टाकला. फ्रिजच चालत नसेल तर ताई बोट सोडेल, असा माझा हिशोब. धक्क्यावरून चालताना चोरी करून निघाल्यासारखं वाटत होतं.

चार दिवसांनी तिचा फोन आला. इतकी मोकळी हसताना मी तिला तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

"तुझे उपकार कसे फेडू रे! ते मशीनच ह्यांना हाकलून देत होतं. आता सकाळपासून रात्रीपर्यंत असतात."

मी हातातलं काम तसंच टाकून निघालो.

ताई केबिनच्या जमिनीवर बसली होती, फ्रिजच्या दाराला पाठ टेकून, डोळे मिटून. चेहरा निवांत. तारा मी कापल्या तशाच लोंबत होत्या. मी वाकून दाराला तळवा लावला. कपाळाला हात लावावा तसं ऊबदार होतं. मी हात काढला नाही. काढवेना.

मग ओट्याकडे लक्ष गेलं. फ्रिजमधले दोन्ही रॅक तिथे एकावर एक ठेवलेले होते. आत जागा मोकळी करावी तसे.

"ताई, रॅक का काढलेस?"

तिने डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "मी नाही काढले."