हळकुंडाचा धागा

"आधी गळ्यातली साखळी काढा, मग कानातलं!"

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात मशीन चालवणारा कृष्णकांत माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो हे. ओळख ना पाळख! मी आपली मायचा हात धरून दारात उभी.

"मी काहून काढू? पेशंट माय आहे."

"पण मायजवळ बसायचं आहे न जी तुम्हाले? मशीन सुरू झाली की अंगावरचा धातू तापते. चटका बसंन."

आणि हसला. मेल्याच्या गालाला खळी पडते, हे मी तेव्हाच पाहून ठेवलं.

मायच्या स्वादुपिंडात गाठ होती. सर्जननी पोट उघडलं, गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली दिसली, तसंच शिवून टाकलं. मग इथले डॉक्टर म्हणाले, किरणं देऊ आणि सोबत या मशीनने गाठ आतून तापवू. चौऱ्याऐंशी साली हे नवंच होतं. गाठ जाणार नव्हती. पण दुखणं कमी झालं तर माय चार घास जेवली असती. मला तेवढंच हवं होतं.

माय मात्र अडून बसली. "मंगळसूत्र नाही काढत मी. माहे मालक जित्ते हायेत."

बाबांनी स्वतः हात जोडले. नाही म्हणजे नाही! दोन दिवस असेच गेले. कृष्णकांत येऊन खाटेशी बसायचा, मायची समजूत काढायचा, मला चहा आणून द्यायचा.

"रागावल्या की तुमचं नाक लाल होते जी."

"तुम्ही मशीनकडे पाहा. नाकाकडे नका पाहू."

म्हणायची असं... पण त्याला यायला उशीर झाला की जीव नुसता वरखाली व्हायचा.

आणि ती शामला सिस्टर! गोरीपान, हसरी, गळा मोकळा. "कृष्णकांत, इकडे ये न जरा," अशी सगळ्यांदेखत एकेरीत हाक मारायची. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

तिसऱ्या दिवशी दारातून पाहिलं, तर शामलाच्या हातात हळकुंड ओवलेला पिवळा धागा, आणि हा तिच्याजवळ वाकून म्हणत होता, "गाठ पक्की मार. सुटली तर फजिती होईल."

संपलं! लग्नच ठरलं यांचं. मला रडू फुटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. माय तिकडे कण्हते आहे आणि मी इथे जळून राहिले!

पाच मिनिटांत दोघं मायच्या खाटेशी हजर.

"मावशी," कृष्णकांत म्हणाला, "मंगळसूत्र गाठवायला दिलं की आमची माय गळ्यात हळकुंड बांधते. यात धातू नाही. चालंन न?"

माय त्याच्याकडे पाहतच राहिली. "बांधंन कोण? सवाशीण पायजे."

"मी आहे न," शामला म्हणाली. "माझं मंगळसूत्र डब्यात आहे. मशीनवर ड्युटी, म्हणून रोज काढून ठेवते. दोन लेकरांची आई आहे मी."

आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. मेलीला सगळं कळलं होतं!

मायने मंगळसूत्र काढून बाबांच्या हातात दिलं. आठ वेळा तिला शेक मिळाला. सहाव्यांदा खोलीतून बाहेर आली आणि तिने भाकर मागितली. बाबा व्हरांड्यात जाऊन रडले.

शेवटच्या दिवशी मंगळसूत्र परत मायच्या गळ्यात गेलं. तो धागा कृष्णकांतने खिशात टाकला. मी त्याला दारातच अडवलं.

"तो इकडे द्या."

"काहून? दुसऱ्या कोण्या बाईच्या कामी येईल."

"तिच्यासाठी दुसरा करा. हा... हा मला दुसरीच्या गळ्यात नाही पाहवणार."

बोलून गेले! तो एक पाऊल जवळ आला. मग हळूच म्हणाला, "मग कोणाच्या गळ्यात पाहवंन जी?"

"मशीनवरचे आकडे कळतात, आणि एवढं कळत नाही?"

"कळते. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"लवकर सांग वं त्याले, लते!" मागून मायचा आवाज आला. "माह्याजवळ लय दिवस नाहीत. मले तुह्या गळ्यातलं पाहून जायचं हाय."

कृष्णकांतने खिशातून धागा काढला, मायच्या मुठीत ठेवला आणि तिची बोटं मिटवली.

"तुमच्याजवळच ठेवा, मावशी. तारीख तुम्हीच काढा... लवकरची."

माय हसली. माझं नाक लाल झालं असावं, कारण तो तिकडेच पाहत होता.