मुकीपाशी

"ओ भाऊ, सोडू नका! म्हशीला धरून राहा, मी यायलेय!"

नर्मदा काठावरून ओरडली आणि तिनं काहील पाण्यात ढकलली. म्हैस म्हणजे पूर्णेच्या ऐन धारेतला काळा खडक, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा गुळगुळीत. त्याला गळामिठी मारून एक तरुण लटकला होता. डोक्यावर पिवळी टोपी, अंगात फुगीर कोट, आणि त्याची निळी होडी पालथी होऊन त्याच्याशिवायच पुढं निघाली होती.

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भलीमोठी लोखंडी कढई. गुऱ्हाळ उठलं की नर्मदेच्या बापाच्या, दिनकररावांच्या मळ्यात ती पालथी पडायची. पण मार्चमध्ये उन्हाळी पिकांसाठी धरणातून पाणी सुटलं, की नदी सकाळी फुगायची, दुपारनंतर ओसरायची, आणि पलीकडच्या रानात बापाची भाकरी पोचवायला नर्मदेला काहिलीशिवाय गत नसायची. सत्त्याऐंशी सालच्या त्या दुपारी ती भाकरी घेऊन निघाली, आणि वाटेत हा सापडला.

"समोर बसा. गुडघ्याला गुडघा लावा. आन् हलू नका, न्हाईतर भिंगरी होईल आपली."

काहिलीत दोघांनी बसायची दुसरी रीतच नाही. त्यानं निमूटपणे गुडघे टेकवले. दात वाजत होते, पापण्यांवरून पाणी ओघळत होतं, आणि तरी तो हसत होता.

"चंद्रभान," तो म्हणाला. "वालूरचा हाय. परभणीला शेतीच्या कॉलेजात शिकायलोय. जीव वाचवला तुमी... आता एक मेहेरबानी करा."

"काय?"

"ते मघाचं भाऊ तेवढं परत घ्या."

नर्मदेनं वल्ह्यासारख्या धरलेल्या फळीचा एक जोरकस हात मारला. "मग काय म्हणायचं?"

"काई म्हणू नका. पण भाऊ नको."

तिच्या ओठांवर झकास उत्तर आलं होतं... आणि ती एकदम गप्प झाली. नजर पाण्यावर, हात तेवढे चालू. त्यानं नाव विचारलं, ती बोलली नाही. गाव विचारलं, ती बोलली नाही. चंद्रभानचा चेहरा पडला. पोरगी चिडली, असं त्या बिचाऱ्याला वाटलं.

ती चिडली नव्हती. म्हशीच्या उजव्या अंगाला जरा खाली, पाण्याखाली चार बोटांवर, मुकी नावाचा दुसरा खडक आहे. म्हशीवर पाणी आपटून फेस उठतो. मुकीवरून ते आवाज न करता सरकतं, म्हणून ती दिसत नाही. पाण्यात असताना तिचं नाव घ्यायचं नाही आणि तिच्याजवळून जाताना बोलायचं नाही, ही काठावरच्या सगळ्यांची रीत. नाव घेतलं की ती ऐकते, असं म्हणतात. नर्मदेनं रीत पाळली, एवढंच. पण ते त्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

पुण्याची सहा माणसं फायबरच्या अरुंद होड्या जीपच्या टपावर बांधून आली होती. पाणी सुटलं की खडकांच्या चिंचोळ्या वाटेतून होड्या हाणायच्या, हा त्यांचा खेळ. कॉलेजातल्या सरांच्या ओळखीनं चंद्रभान त्यांच्यात घुसला होता. मुक्काम आमराईत. पण दुपार झाली की हा गडी काहिलीपाशी हजर! दिनकररावांच्या पलीकडच्या भुईमुगावर ठिपके पडलेत, ते बघायला हवेत म्हणे.

"चार दिवस झाले. ठिपके मोजायलात का काय?" नर्मदेनं एकदा विचारलं.

"लय बारीक हायेत," तो तिच्याकडं बघत म्हणाला. "जवळून बघावं लागतं."

नर्मदेनं मान फिरवली खरी, पण दुसऱ्या दिवशी फडक्यात दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी जास्तीची बांधली. तोही ती भाकरी तिथं न खाता जपून आमराईत न्यायचा. माझ्या हातची भाकरी एकट्यानं, सावकाश खातो वाटतं... असं मनात येऊन ती गालातल्या गालात हसायची.

आठव्या दिवशी तिनं लाल टोपीवाली पाहिली.

त्या बाईला नाव होतं. आख्ख्या गावाला ते पाठ झालं होतं. पण नर्मदेनं ते एकदाही तोंडातून काढलं नाही. ती लाल टोपीवाली, बस्स. पुण्याची, सडसडीत, पोरांसारखे कापलेले केस. डोहात कमरेएवढ्या पाण्यात ती उभी होती आणि चंद्रभान होडीत. तिनं दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली होती! होडी उलटायची, तो पाण्याखाली जायचा, ती त्याला ओढून सरळ करायची, आणि दोघं खदाखदा हसायचे. परत उलटायचे, परत हसायचे.

नर्मदेच्या अंगाचा तिळपापड झाला. धुणं तसंच बुट्टीत कोंबून ती घरी आली आणि भांडी अशी आदळली, की आत्याबाई चांगुणाबाई चुलीपुढून उठून आल्या.

"त्या पातेल्यानं काय केलंय गं तुझं?"

"काई न्हाई."

"मग वालूरच्या पोरानं केलंय." आत्याबाईंचं तोंड म्हणजे उघडा नळ. "तो लाल टोपीच्या मागं मागं फिरायलाय म्हणं. गावभर झालंय."

"फिरंना का! मला काय त्याचं?"

पण तिला त्याचंच होतं. आपले राठ हात, आपली विटलेली साडी, आपली ती काळी कढई... आणि तिकडं ती रंगीत होडी! पाण्यातून त्याला ओढून काढलं आपण, आणि कमरेला हात लावायचा तिनं? दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम तासभर आधीच पलीकडं निघून गेली. चंद्रभान काठावर ताटकळत बसलेला तिला रानातून दिसला. मनातून बरं वाटलं, आणि मग रडूही आलं.

त्याच संध्याकाळी लाल टोपीवाली कागद-पेन्सिल घेऊन तिला शोधत आली. नर्मदा काहील धूत होती, घोटाभर पाण्यात उभी.

"उद्या शेवटची फेरी, सगळ्यांत पुढे मी. सकाळी मोठं पाणी सुटणारे. इथले खडक तुझ्याइतके कुणाला माहीत नाहीत म्हणतात. सांगशील?"

नर्मदेनं सगळं सांगितलं. वरची खिंड, दोन दातेरी खडक, भोवरा, म्हैस. बाईनं कागदावर सगळं काढलं. "म्हशीच्या उजवीकडून गेलं तर?"

उजवीकडं मुकी होती.

नर्मदा गप्प बसली. पाण्यात तिचं नाव घ्यायचं नाही ना! आपण रीत पाळतोय, तिनं मनाला बजावलं. खरं तर दोन पावलं मागं सरून कोरड्यावर उभं राहिलं असतं, तर नाव घेता आलं असतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. ती हलली नाही, आणि बोटही उचललं नाही.

"म्हणजे उजवीकडं मोकळं आहे," बाई म्हणाली, आणि आभार मानून गेली.

सकाळी दोन्ही काठांवर गाव लोटलं. पाणी चढत होतं. नर्मदा मात्र गर्दीपासून बाजूला, पालथ्या काहिलीवर बसून होती. पडली तर पडली, भिजेल, गावासमोर फजिती होईल... एवढंच तर हवं होतं आपल्याला. पण डोकं आपटलं तर? तिला काल रात्रीपासून तोच एक विचार छळत होता. शेवटी ती उठली, आमराईकडं पळाली. तिथं कुणीच नव्हतं. जीप कधीच धरणाकडं गेली होती.

ती धापा टाकत म्हशीसमोर परत आली, आणि वरच्या वळणावर ओरडा झाला. "आली! पहिली आली!"

पहिली होडी लाल टोपीची असणार होती. आली ती निळी होडी, आणि पिवळी टोपी. चंद्रभान! दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं सपासप मारत तो खिंडीतून सुटला, भोवरा चुकवला, आणि सरळ म्हशीच्या उजव्या अंगाला वळला.

नर्मदा लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात शिरली.

"मुकीऽऽ!" तिनं गळा फाडून हाक मारली. "डावीकडं! तिथं मुकी हाय!"

काठ चिडीचूप झाला. पाण्यात उभं राहून मुकीचं नाव! आत्याबाईंनी तोंडावर हात मारला. आणि त्या शहाण्यानं काय केलं? हाक ऐकून पाण्याकडं बघायचं सोडून नर्मदेकडं बघितलं. होडीचं नाक मुकीवर चढलं आणि होडी पालथी झाली.

एक. दोन. तीन. नर्मदा ओठांतल्या ओठांत मोजत होती. निळा तळ तेवढा वाहत खाली चालला होता. मग पाण्यातून वल्ह्याचं पातं वर आलं, पाण्यावर आडवं सपकन फिरलं, आणि होडी चंद्रभानसकट सरळ झाली! गावानं एकच गलका केला. नर्मदेला मात्र रडायलाही वेळ नव्हता. मागून लाल टोपी येत होती. नर्मदा पुन्हा ओरडली, दोन्ही हात डावीकडं फेकत राहिली. बाईनं पाहिलं, वळली, आणि डाव्या अंगानं सुखरूप निघून गेली.

दुपारी पाणी उतरायला लागलं, तेव्हा चंद्रभान काहिलीपाशी आला. कपाळावर खरचटलं होतं.

"आज मला कुणी काढलं न्हाई," तो ऐटीत म्हणाला. "माझा मीच वर आलो. बघितलं का न्हाई?"

"मी त्यांना सांगितलंच न्हाई," नर्मदा खाली मान घालून म्हणाली.

"कुणाला? काय?"

"त्या बाईंना. मुकीचं. उजवीकडं मोकळं हाय म्हणाल्या, आन् मी गप बसले. जाणूनबुजून. त्यांना पाडायचं हुतं मला. तुमी पुढं याल हे ठाऊक न्हवतं..."

"पुढं मीच जातो म्हणून हट्ट धरला हुता मी." त्याची ऐट उतरली. "वाईट केलं तुमी."

"लय वाईट केलं. आत्ता आमराईत जाऊन त्यांच्यापुढं हात जोडून आले. त्या म्हणाल्या, शेवटी सांगितलंस ना. त्यानं तर जास्तच मेल्यागत झालं."

"पण का पाडायचं हुतं?"

नर्मदा एकदम उसळली. "कमरेला धरून हसायलात, ते काय मला दिसत न्हाई?"

चंद्रभानच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. "अहो, पाण्याखालून होडी सरळ करायला शिकायलो हुतो! पहिल्या दिवशी तुमी मला भिजल्या पोत्यावानी उचलून आणलं... दुसऱ्यांदा तुमच्यापुढं तसं व्हायचं न्हवतं. शिकवायच्या बदल्यात मी त्यांना रोज भाकरी द्यायलो."

"कुठली भाकरी?"

तो चाचरला. "...तुमचीच."

"माझ्या हातच्या भाकरी तुमी तिला चारल्या?" नर्मदेच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी भुवया चढल्या. "चटणीसकट?"

"चटणी न्हाई! आईशप्पथ, चटणी मी खाल्ली."

तिला हसू फुटलं ते आवरेनाच. तिनं काहील पाण्यात ढकलली. तो न सांगता समोर बसला, गुडघ्याला गुडघा लावून. म्हैस जवळ आली, तसा तो पुढं झुकला. काहील डुलली.

"वालूरहून माझे बाबा, आई... दिनकररावांकडं आले, तर तुमी काय म्हणाल?"

तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. मुकी आली होती.

या वेळी त्याला कळलं; सकाळपासून गावभर मुकीच्या रीतीचीच चर्चा होती. तोही गप्प झाला. नुसतं पाणी सरकत होतं. नर्मदेनं आयुष्यात ते वीस हात इतके सावकाश कापले नव्हते. ती त्याच्याकडं बघत होती, तो तिच्याकडं, आणि तिच्या मनात ना लाल टोपी होती, ना डोह.

मुकी मागं पडली. नर्मदेनं फळी मांडीवर ठेवली.

"येऊ द्या," ती म्हणाली. "पण पाणी उतरल्यावर या म्हणावं. काहिलीत दोघंच मावतात."