तेवढा एक शब्द सोडून

टोमॅटोची अकरा खोकी एकाच ढकलगाडीवर रचू नयेत, हे मिरेलाला तिच्या बापाने लहानपणापासून सांगितलं होतं. पण ऐकेल ती मिरेला कसली. हाय स्ट्रीटच्या उतारावर गाडी हातातून सुटली आणि थेट खाटकाच्या दुकानापुढच्या शिडीवर जाऊन आदळली. शिडीवर एक तरुण होता, त्याच्या हातात रंगाचा डबा होता... आणि पुढच्या क्षणी तो सगळा रंग मिरेलाच्या केसांत होता.

"लाल रंग शोभतो तुला," शिडीला लटकलेला तो म्हणाला.

"आधी खाली उतर. मग शोभा बघ."

तो उतरला. नाव फर्गस, काम दुकानांच्या काचांवर हाताने अक्षरं रंगवायचं. उन्हाने नाक सोलवटलेलं, हात मात्र विलक्षण हळुवार. टर्पेंटाइनचा बोळा घेऊन तो तिचे केस पुसायला लागला. कानामागे त्याची बोटं लागली तेव्हा मिरेलाला उगीचच खाटकाच्या दुकानातले सॉसेज मोजावेसे वाटले.

"पुढच्या महिन्यात दोन दारं सोडून माझं दुकान उघडतंय," ती म्हणाली. "पास्ता, सॉस, सगळं घरचं. काच रंगवशील?"

"रंगवीन की. नाव काय?"

"वॉग किचन."

बोळा केसांतच थांबला.

मेलबर्नच्या उत्तरेकडच्या त्या वस्तीत 'वॉग' हा शब्द रोज हवेत असतो. इटलीहून, ग्रीसहून बोटीने आलेल्यांना इथले इंग्रज याच शब्दाने हिणवायचे. मुलानातवंडांनी तो उचलला, झटकला आणि दागिन्यासारखा अंगावर मिरवला. मिरेलाचा चुलत भाऊ डोमेनिको तर आपल्या कुत्र्यालाही त्याच नावाने हाक मारायचा. फर्गस मात्र त्या इंग्रजांच्या पाचव्या पिढीतला.

"रंगवीन," तो म्हणाला. "पण म्हणणार नाही."

"म्हणजे?"

"रंगवणं माझा धंदा आहे. म्हणणं... ते तुमचं."

झालं. मिरेलाच्या डोक्यात किडा वळवळला. याच्या तोंडून तो शब्द वदवून घ्यायचाच.

सहा फुटी काच मोजायला कुणाला तीन दिवस लागत नाहीत. फर्गसला लागले. मिरेला रोज त्याला कॉफी नेऊन द्यायची आणि भोळा चेहरा करून विचारायची, "काय रे, काय रंगवतोयस?"

"दोन शब्द."

"पहिला कोणता?"

"दुसऱ्याच्या आधीचा."

"असा कसा रे तू... एवढा एक शब्द म्हणायला जीभ झडते का तुझी?"

"नाही. पण तू रोज विचारायला येतेस, ते बंद होईल ना."

मिरेलाने त्याच्या हातातला अर्धा प्यायलेला कप काढून घेतला आणि ती आत पळाली. 

शनिवारी तिने त्याला घरी बोलावलं. फेब्रुवारीतला, वर्षभराचा सॉस भरून ठेवायचा दिवस होता. सगळा गोतावळा मागच्या अंगणात पहाटेपासून टोमॅटो दळत होता, भरलेल्या बाटल्या जुन्या चादरींत गुंडाळून, पिंपात उकळण्यासाठी बाजूला रचल्या जात होत्या. पिंपाखालचा जाळ मिरेलाच्या वडिलांकडे, साव्हेरियोकडे होता. फर्गसला बाटल्यांना बुचं ठोकायचं काम मिळालं आणि दुपारपर्यंत तो कोपरापर्यंत लाल झाला.

"हे हात बघा रे याचे!" डोमेनिको वाइनचा पेला उंचावून म्हणाला. "झाला हा आपल्यातला. आजपासून तू पण वॉग. चल, म्हण, 'मी वॉग.'"

टाळ्या पडल्या. मिरेलाने हनुवटी तळहातावर टेकवली.

"म्हण ना," ती म्हणाली. "म्हटलंस तर उद्या मी तुझ्याबरोबर समुद्रावर येईन."

फर्गसने तिच्याकडे पाहिलं. त्या समुद्रासाठी हा माणूस काहीही करील, हे अंगणातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"सकाळपासून इथे हा शब्द पन्नासदा ऐकला," तो म्हणाला. "तुझ्या पप्पांच्या तोंडून एकदाही नाही. ते म्हणतील, त्या दिवशी मी विचार करीन."

सगळ्यांच्या माना साव्हेरियोकडे वळल्या. तो जाळात लाकूड सारत होता.

"अकरा वर्षं कारखान्यातला मुकादम मला त्याच शब्दाने हाक मारायचा," तो शांतपणे म्हणाला. "नाव कधी घेतलं नाही त्याने. त्याचं मला काही वाटत नाही, माणूसच हलकट होता. पण मी ओ द्यायचो. हातातलं काम टाकून पळत जायचो." त्याने लाकूड आणखी आत ढकललं. "पाणी उकळलं. बाटल्या सोडा."

मिरेलाने फर्गसला दंडाला धरून फाटकापर्यंत नेलं. तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या.

"तुला कुणी विचारलं होतं? बाप आमचा, शब्द आमचा. तो म्हणायचा हक्क तुला नाही, ठीक. मग माझ्या बापाला चारचौघांत उघडं पाडायचा हक्क कुणी दिला?"

"कुणीच नाही," फर्गस म्हणाला. "चुकलो."

आणि तो निघून गेला. मिरेला आणखीच चिडली. माणसाने भांडावं तरी नीट.

रविवारी सकाळी कॉफीच्या कपावर तिने बापाला गाठलं. "पप्पा, आधी का नाही बोललात?"

"तुम्ही पोरं हसत होता. त्यात माझं रडगाणं कशाला?" त्याने बिस्किट कॉफीत बुडवलं. "दुकान तुझं, नाव तुझं. रंगवून घे. मी मागच्या दाराने येत जाईन."

गाडी कुठे लावणार ते सांगावं, तितक्या साधेपणाने त्याने ते सांगितलं. दुकानातला लाकडी काउंटर या माणसाने सगळा हिवाळा खपून रंधला होता.  बाप मागच्या दाराने येणार असेल, तर असलं दुकान तिला नको होतं.

ती तडक दुकानावर गेली. काचेवर खडूने आखलेली अक्षरं होती आणि फुटपाथवर, बादली शेजारी ठेवून, फर्गस बसला होता.

"विचारायला आलो," तो उठून म्हणाला. "रंगवू की पुसू? तू सांगशील ते."

मिरेलाने बादलीतलं फडकं पिळलं आणि स्वतःच्या हाताने पहिला शब्द पुसला. मग दुसराही.

"घरात मी म्हणणारच," ती काचेकडे बघत म्हणाली. "डोमेनिकोला म्हणणार, मैत्रिणींना म्हणणार. त्यात मला लाज नाही. पण पप्पांच्या डोक्यावर मी तो टांगणार नाही." ती वळली. "आणि कालचा राग तुझ्यावर नव्हताच. तुला माझा बाप एका दिवसात दिसला. मला सत्तावीस वर्षांत दिसला नाही."

"मी तुझ्या पप्पांकडे बघतच नव्हतो. तुझ्याकडे बघत होतो... ते दर वेळी तुझ्या मागे उभे असायचे."

मिरेला हसली. तो हसला नाही.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "ऐकून हाकललंस तरी चालेल. मी तो शब्द म्हटलाय. नऊ वर्षांचा होतो. बसथांब्यावर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. मी तिच्या तोंडावर ओरडलो. मित्र खिदळले. तिला इंग्रजी येत नसावं... तिला वाटलं, मी काहीतरी गोड बोललो. तिने टोपलीतलं एक अंजीर काढून मला दिलं."

"खाल्लंस?"

"खाल्लं. तेव्हापासून तो शब्द तोंडात येत नाही."

 उत्तरेचा तापलेला वारा पडला होता आणि दक्षिणेकडून गार झुळूक यायला लागली होती. नवरा गेल्यावर जन्मभर काळे कपडे घालणाऱ्या तशा शंभर बायका मिरेलाने पाहिल्या होत्या. तिची आजी त्यातलीच एक.

"हे पप्पांना सांगशील?"

"आज?"

"आत्ता. घाबरलास?"

"खूप."

"मीही असेन तिथे." तिने त्याचा खडूने माखलेला हात हातात घेतला. "आणि त्यांनी तुला घराबाहेर काढलं, तर मी तुझ्याबरोबर बाहेर येईन. समुद्र काही पळून जात नाही. आवडतोस तू मला, फर्गस. भारी आवडतोस."

"शब्द न म्हणताही?"

"न म्हणता जास्त," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात तिने त्याचं चुंबन घेतलं.

मार्चमध्ये दुकान उघडलं त्या सकाळी काच कोरी होती. लोक नाव विचारत होते आणि मिरेला सांगत होती, अजून ठरायचंय. साडेनऊ वाजता साव्हेरियो आला, फर्गसच्या खांद्यावर हात ठेवून, समोरच्या दाराने.