शेजारच्या खाटेवरचा आसाराम

अंधारात सुपारी कातरत हरिबा आजोबा म्हणाले, "ही गोष्ट ऐकीव न्हाई बरं का पोरांनो. शहादेव माझा साडू. त्याच्यावरच बेतलेलं हाय."

पौषातली अमावस्या, रविवार. शहादेवरावांचा मुलगा बंकट धारूरहून बापाची लघवीची गोळी घेऊन आला. शहादेवरावांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर अंगातलं कसलंसं हार्मोन बिघडलं, पाणी बाहेर पडेना, रक्तातलं मीठ उतरलं. दिवसाला मोजकंच पाणी, वर प्याले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी आदल्या रात्री म्हाताऱ्यानं माठ गाठलाच. म्हणून बंकटनं गोळी दिली, माठ-तांब्या बाहेर नेला आणि दाराला बाहेरून कुलूप घातलं.

"कावून कोंडतोस रे? मी काय ढोर हाय?"

बंकटनं कुलूप ओढून पाहिलं. किल्ली कमरेला खोचून दारालाच आडवा झाला.

खोलीला एकच खिडकी, तिला गज. शहादेवरावांची जीभ टाळूला चिकटली. त्यांना दवाखान्यातला आसाराम आठवला. परळीकडचा ऊसतोडीचा मुकादम. त्यालाही हेच दुखणं, हीच बंदी. ओठांवर ओला कापूस फिरवत दोघं हसायचे. सुटलो की विहिरीवर जाऊ, एकट्यानं प्यायचं न्हाई, असं आसाराम म्हणायचा. एका रात्री त्यानं नळाला तोंड लावलं. पहाटे त्याच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

खाट करकरली.

"बंकट?"

बाहेर घोरणं चालूच. कुलूप तसंच. पण खाटेची दुसरी कड दबली होती...

"शहादेवराव... आणलंय."

गार तांब्या ओठांना टेकला. त्यांनी दात आवळले.

ऐकणाऱ्या पोरांतल्या पप्पूला राहवलं नाही. ओरडायचं की, म्हणाला. पोरगा तर दाराशीच होता.

आजोबांचा अडकित्ता थांबला.

"तोंड उघडावं लागतं, बे."

अडकित्ता पुन्हा चालू झाला.

"प्या की... लाजता काय?"

ते हलले नाहीत. नाकानं श्वास. तांब्या तसाच. रात्रभर...

उजाडल्यावर बंकटनं कुलूप काढलं. खोली कोरडी ठणठणीत. शहादेवरावांची दातखीळ बसलेली. ती सोडवल्यावर ते एवढंच म्हणाले, "म्या तोंड उघडलं न्हाई."

बंकटला हायसं वाटलं. अंगात पाणी साठलं का ते कळावं म्हणून रोज सकाळी वजन करायचं असायचं. त्यानं बापाला हात धरून काट्यावर उभं केलं.

रात्रीत वजन चार किलोनं वाढलं होतं.