सतरा नंबरच्या रोपाची पानं

"चौदा!" मोजपट्टी ओरडली. "सतरा नंबरला चौदा पानं!"

"मग आनंद मान की! वाढलं," तिचा मावसभाऊ झारी खाली ठेवत म्हणाला.

"काल नऊ होती. एका दिवसात पाच पानं? हे रोप आहे की अफवा?"

"तुला माझं काहीच चांगलं बघवत नाही ना?"

"नाही," मोजपट्टी म्हणाली आणि वहीत चौदा लिहिलं.

ती आठ दिवस रोज वाफ्यातल्या चाळीसही रोपांची पानं मोजत होती. निसर्गप्रेमाचा यात काही संबंध नव्हता. सुट्टीतल्या या पर्यावरण नेतृत्व प्रशिक्षण शिबिरात पहिल्याच दिवशी गटनेत्याची निवड झाली, आणि ती दोन मतांनी पडली. निवडून आला हा मावसभाऊ. तो तिच्याहून अकरा दिवसांनी मोठा होता आणि तेवढ्या भांडवलावर अख्ख्या शिबिराकडून 'दादा' म्हणवून घेत होता. वाफ्याची जबाबदारी गटनेत्याची. तो कुठे चुकतो याचा पुरावा हवा, म्हणून ही वही!

आणि रोपं खरंच मरत होती. पाणी वेळेवर, सावली बेताची, तरी रोज दोन-तीन रोपं माना टाकत. शेजारच्या गटाच्या वाफ्यातही तेच.

शिबिर दोघं जण चालवत. शेजारच्या गटाचे टाळीसर तीन टाळ्या वाजवल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नसत. जेवताना मीठ मागायचं असलं तरी आधी तीन टाळ्या. मोजपट्टीच्या गटाच्या वर्तुळताई मुलांना गोल बसवल्याशिवाय काही सांगत नसत. एकदा दादाची धाकटी बहीण शेपटी एकटीच समोर होती, तर तिलाही म्हणाल्या, "वर्तुळ करून बस."

दोघं नऊ वर्षं एकाच टेबलाशी समोरासमोर बसत होते. मध्ये एक चार्ट पेपर उभा केलेला असे. त्यावर दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरांत 'सहकार्य' लिहिलेलं होतं. सरांना नवी फिरती खुर्ची मिळाली तेव्हा ताईंची पाठ दुखायला लागली. ताईंना मिळाली तेव्हा सरांची खुर्ची आपोआप जुनी झाली. आता संस्थेचं नवं केंद्र निघणार होतं आणि त्याला प्रमुख एकच हवा होता. संचालिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, सांगून ठेवलं होतं की ज्याच्या गटाचा वाफा जास्त हिरवा, तो प्रमुख. आणि त्या परवा येणार होत्या.

संध्याकाळी ताईंनी सगळ्यांना गोल बसवलं.

"कोणालाही दोष द्यायचा नाहीये," त्या म्हणाल्या. दोष देण्याआधी त्या नेहमी असंच म्हणत. "पण पाणी जास्त झालंय. परवा मोठ्या बाईंसमोर गटनेता बदलावा लागेल. घरीही कळवावं लागेल."

दादाचे कान लाल झाले. "ताई, मी मापानंच पाणी..."

"आत्ता आपण भावना ऐकतोय हं. खुलासे नकोत." मग त्या मोजपट्टीकडे बघून गोड हसल्या. "नवं नेतृत्व आपल्यातच आहे."

मोजपट्टीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! तिनं धावत जाऊन वही काढली. पुरावा आता सुवाच्य अक्षरात उतरवायलाच हवा होता.

सतरा नंबर : परवा सहा, काल नऊ, आज चौदा. तेवीस नंबर : परवा अकरा, काल चार, आज तेरा.

ती थांबली. पाणी जास्त झालं तर पानं पिवळी पडतात, गळतात. ती चाराची तेरा होत नाहीत. नंबराची पाटी तीच, रोप दुसरं! कोणीतरी रोज रोपं उपटून दुसरी लावत होतं. मुळं धरायच्या आतच पुन्हा उपटलेलं रोप जगणार कसं?

म्हणजे दादाची चूक नव्हती.

तिनं वही मिटली. पुन्हा उघडली. आकडे तेच होते. मेले!

फक्त दीड दिवस गप्प बसायचं होतं. खोटंही बोलायचं नव्हतं. ती पाणी प्यायला बाहेर गेली. नळाशी दादा भांडी घासत होता. त्याची पाळी नव्हती. एकच ताट तो तिसऱ्यांदा घासत होता.

"बाबा म्हणाले होते, या वेळी काही गोंधळ केलास तर पुन्हा कुठेच पाठवणार नाही," तो ताटाकडे बघतच म्हणाला. "आता तू हो नेता. खूश?"

"होते," मोजपट्टी चिडून म्हणाली. "पाच मिनिटांपूर्वीपर्यंत. घे, वाच!"

त्यानं ओल्या हातांनीच वही घेतली. वाचली. मग तिच्याकडे बघितलं.

"हे तू मला का दाखवतेस?"

"तुला हरवायचंय मला. पण तुझी चूक नसताना तू हरलास तर त्यात माझी काय शोभा?"

"पण रोपं बदलतं कोण? दिवसभर तर आपण सगळे तिथेच असतो."

"मौन तास सोडून," मोजपट्टी म्हणाली.

मौन तास हा या शिबिराचा अभिमान होता. दुपारी एकेका गटानं तासभर डोळ्यांना पट्टी बांधून मैदानावर निसर्ग ऐकत बसायचं. दोन ते तीन सरांचा गट, तीन ते चार ताईंचा. उरलेला गट तेव्हा सभागृहात चार्ट रंगवत असे. उघडे डोळे फक्त शिक्षकांचे. आणि दोन्ही वाफे मैदानाच्या कडेला, अवजारांच्या शेडमागे.

शेपटी सरांच्या गटात होती. दादानं तिला बोलावलं. "काय गं, मौन तासात पट्टीखालून बघतेस का?"

"रोज!" शेपटी म्हणाली. "सर शेडमागे जातात. मला वाटायचं, लघवीला. पण खुरपं कशाला नेतात?"

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मोजपट्टीनं पट्टी जरा वर सरकवली. वर्तुळताई चवड्यांवर शेडमागे निघाल्या होत्या. त्यांच्याही हातात खुरपं!

"दोघंही!" ती नंतर म्हणाली. "दोनला सर आपल्या वाफ्यातून चांगली रोपं नेतात आणि त्यांची मरतुकडी आणून लावतात. तीनला ताई ती परत आणतात. बिचारी रोपं नुसती येरझारा घालताहेत!"

"सांगून कोण विश्वास ठेवणार?" दादा म्हणाला. "पर्यावरणवाले आहेत ते."

"सांगायचं कशाला? दोघांचा मौन तास एकाच वेळी ठेवू!"

दादाच्या जिभेवर साखर होती. तो आधी सरांकडे गेला, मग ताईंकडे. "मोठ्या बाईंच्या स्वागताला दोन्ही गटांनी एकत्र मौन तास करावा, अशी आमची इच्छा आहे." दोघांनीही मनातल्या मनात हिशेब केला की दुसरा मैदानावर अडकणार. दोघंही म्हणाले, "काय सुंदर कल्पना!"

तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई आल्या. ऐंशी मुलं मैदानावर पट्ट्या बांधून बसली. दादानं बाईंच्याही डोळ्यांना पट्टी बांधली आणि हात धरून त्यांना वाफ्यांजवळच्या मेंदीच्या कुंपणाआड बाकावर नेऊन बसवलं.

"इथे फार छान ऐकू येतं, बाई," मोजपट्टी शेजारी बसत कुजबुजली.

पाच मिनिटं फक्त पाखरं. मग कुंपणापलीकडे खुरप्यावर खुरपं आपटलं.

"तुम्ही? माझ्या वाफ्यात?"

"आणि तुम्ही कुठून येताय हो? ते रोप माझं आहे!"

"तुमचं? चार दिवसांपूर्वी तुम्ही ते माझ्या वाफ्यातून उचललंत!"

"आधी कोणी उचललं? आणि खुर्ची आधी कोणी मागितली? नऊ वर्षं बघतेय मी!"

"हळू! मुलं ऐकतील!"

"मुलांच्या डोळ्यांना पट्ट्या आहेत!"

"कानांना नाहीत ना पण!"

मोठ्या बाईंनी शांतपणे पट्टी काढली आणि कुंपणावरून डोकावल्या. सर आणि ताई एकच रोप दोन्हीकडून धरून उभे होते. सवयीनं सरांचे हात टाळीसाठी उठले. रोप खाली पडलं.

"नवं केंद्र तूर्त राहू दे," बाई म्हणाल्या. "उरलेली सगळी रोपं आज एका वाफ्यात लावा. दोघांनी मिळून. आणि पुढचा महिनाभर त्यांना हातही लावू नका."

आरडाओरडा ऐकून सगळी मुलं पट्ट्या काढून धावत आली होती. बाई त्यांच्याकडे वळल्या. "हे कोणी शोधलं?"

"हिनं," दादा लगेच म्हणाला. "मी नुसता निरोप्या. रोज चाळीस रोपांची पानं हिनं मोजली."

"शाब्बास! का गं मोजलीस?"

मोजपट्टीनं दादाकडे बोट दाखवलं. "याच्यावर जळून."

बाई खो-खो हसल्या. "कारण वाईट होतं, मोजणी चांगली होती. उद्यापासून या वाफ्याची नोंद तूच ठेवायचीस. तुझी वही मी स्वतः वाचणार." त्यांनी तिची पाठ थोपटली. ऐंशी मुलांनी टाळ्या वाजवल्या. मोजपट्टी दोन बोटं उंच झाली!

मग बाई दादाकडे बघत मोठ्यानं म्हणाल्या, "आणि सगळं श्रेय दुसऱ्याला देऊन टाकणं! मोठेपणा म्हणतात तो हाच. याच्या बाबांना मी आजच कळवते."

टाळ्या पुन्हा वाजल्या. या वेळी जरा जास्तच.

"ऐकलंस?" दादा हळूच म्हणाला.

"ऐकलं," मोजपट्टी दात ओठ खात टाळ्या वाजवत म्हणाली. "थांब, पुढच्या वेळी मी तुलाच सगळं श्रेय देते की नाही बघ!"